गृहपाठातील ‘गृह’

दिवेलागणीला देवापुढे निरांजन लागले की घरातील मुलांनी ओळीने बसून शुभंकरोती म्हणावे आणि त्यामागोमाग पाढे, पावकी, निमकी, तिथी, नक्षत्रे यांचा परवचा म्हणावा, ही रीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा आजोळी होती. धार-देवासच्या पवारांच्या आणि इंदूरच्या होळकरांच्या राज्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी ती माळव्यातही आणली. परवचा हा एका अर्थी गृहपाठच. परंतु तो देणारे घर, ऐकणारे घर आणि चुकल्यास सुधारणारेही घरच असे. आजचा गृहपाठ देते शाळा आणि तपासते शाळा. करवून घेण्याचे काम मात्र घरावर सोपविलेले असते. ज्या घरास ते जमत नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

गंधवानीसारख्या ठिकाणी तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही. धार जिल्ह्यातील हा भाग प्रामुख्याने भिल्ल-भिलाला वस्तीचा. मुलांच्या घरची बोली निराळी, पाठ्यपुस्तकाची हिंदी निराळी. कितीतरी मुलांच्या घरात पाटी हाती धरणारी ही पहिलीच पिढी. शाळा सुटली की शेळ्या, पाणी, सरपण आणि धाकटे भावंड अशी चार कामे दारात वाट पाहत असतात. हंगाम संपला की अनेक आईबाप मजुरीसाठी गुजरातेकडे जातात आणि मूल आजीच्या हवाली होते.

आमच्या शाळेतील शिक्षकांच्या एका बैठकीत एका शिक्षिकेने सरळच विचारले, ‘‘सर, या गृहपाठाने नेमके साधते काय?’’ तिचे निरीक्षण असे, की वही कोरी राहिली की मूल दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. एका दिवसाचे चार दिवस होतात, चारांचे पंधरा. आणि मग ते मूल गुरांमागे दिसू लागते. म्हणजे अभ्यास वाढावा म्हणून दिलेले काम मुलास अभ्यासापासूनच तोडते.

दुसरी बाजूही तितक्याच आग्रहाने मांडली गेली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘‘सरावावाचून गणित कोणाला आले आहे? वर्गात शिकविलेले संध्याकाळपर्यंत विरून जाते. शिवाय गृहपाठ नसेल तर शाळेत शिकवीतच नाहीत, असे पालक म्हणतात.’’ यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? सरावाची गरज निर्विवाद आहे. वाद आहे तो सराव कोठे व्हावा आणि कोणाच्या देखरेखीखाली व्हावा, याविषयी.

हा वाद आमच्यापुरता नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993 साली ‘ओझ्याविना शिक्षण’ या विषयावरील अहवालात दप्तराच्या वजनाहूनही न समजलेल्या अभ्यासाचे ओझे अधिक जड असल्याचे दाखवून दिले. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरीपासून प्राथमिक स्तरावर आठवड्याला दोन तास, माध्यमिकपूर्व वर्गांना दिवसाला एक तास आणि त्यापुढे दोन तास, अशी मर्यादा सुचविली. 2020 च्या शालेय दप्तर धोरणानेही तेच प्रमाण कायम ठेवले. अमेरिकेतील हॅरिस कूपर यांनी 1989 मध्ये व पुन्हा 2006 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा गृहपाठ आणि यश यांचा संबंध वरच्या वर्गांत स्पष्ट दिसला. लहान मुलांत तो फार क्षीण होता.

2012 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतील आकडे आणखी बोलके आहेत. पंधरा वर्षांची मुले शांघायमध्ये आठवड्याला सुमारे 14 तास गृहपाठ करीत, तर फिनलंडमध्ये तीन तासांहूनही कमी. आणि दोन्हीकडची मुले चांगल्या विद्यार्थ्यांतच मोडत होती. मात्र सहभागी देशांत सर्वसाधारणपणे संपन्न घरांतील मुलांचा गृहपाठाचा वेळ गरीब घरांतील मुलांपेक्षा जास्त भरला. शाळेने भेद मिटवावा अशी आपली अपेक्षा. गृहपाठाच्या वाटेने तो वाढण्याचीच भीती अधिक. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

या प्रश्नाचे एक उत्तर मराठी शिक्षणविचाराने पूर्वीच देऊन ठेवले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते आदिवासी भागातील कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. तीच त्यांची ‘कुरणशाळा’. घरच्या परिस्थितीला शिक्षा न करता तिच्याशी जुळवून घेणे, हे त्या प्रयोगाचे मर्म होते.

तेच सूत्र धरून आम्ही काही गोष्टी ठरविल्या. दुसरीपर्यंत घरी काहीच द्यायचे नाही. त्यापुढील वर्गांसाठी शेवटचा अर्धा तास सरावाचा. अडले तर शिक्षक शेजारीच असतात. घरी द्यायचे ते एवढेच, की मुलास कोणाला न विचारता करता येईल किंवा जे विचारण्यात घरच्यांचा मान राहील. वेचलेली मोहाची फुले वाळल्यावर वजनात किती घटली? आजीला किती झाडांची नावे येतात? तिची एखादी गोष्ट भिलालीत ऐकून ये आणि वर्गात हिंदीत सांग. निरक्षर आईसुद्धा अशा वेळी गुरू ठरते. वही कोरी राहिली तर शिक्षा नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध मानला आहे, आणि साऱ्या वर्गासमोर उभे करून लाजविणे हा छळ नाही तर काय?

याने सारे सुरळीत झाले, असा दावा मी करीत नाही. मजुरीसाठी होणारे स्थलांतर गृहपाठ थांबविल्याने थांबत नाही. पण कोरी वही हे शाळा चुकविण्याचे कारण उरलेले नाही, आणि तिसरीतील मुलाच्या चुकीच्या वजाबाकीत नेमके काय चुकले, ते आता त्याच दिवशी शिक्षकास दिसते.

या मासिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी दिवा आहे, टेबल आहे, शिकलेली आई आहे. तेथील अडचण उलट आहे. मुलाचा ‘प्रकल्प’ रात्री अकरा वाजता आईच पूर्ण करते, गणिते शिकवणीचे मास्तर सोडवून देतात आणि वहीवर ‘उत्तम’ असा शेरा मिळतो. मग शिकले कोण? अशा पालकांना माझी विनंती एवढीच, की मुलाची चूक वहीत तशीच राहू द्यावी. ती शिक्षकासाठी लिहिलेली चिठ्ठी असते. आपण ती खोडून टाकली तर मूल कोठे अडले, हे त्यास कळणार कसे? आणि वाचलेला वेळ परवच्याला द्यावा. पाढेच हवेत असे नाही. एक पान मोठ्याने वाचून त्यावर मुलाशी बोलले तरी पुरे.