“डॉक्टर राह्यते, का मशीनच कापते?”

हृदयाची झडप खराब झाली असं कळलं, की घरात प्रश्नांची रांग लागते. त्यात ‘रोबोटिक’ शस्त्रक्रियेची जाहिरात दिसली की गोंधळ आणखीच वाढतो. रुग्णांसोबत नागपूरच्या वाऱ्या करताना बायका मला जे हमखास विचारतात, ते मैत्रिणींनो, तुमच्यासाठी.

“ताई, डॉक्टर राह्यते तिथं, का मशीनच कापते?”
डॉक्टरच करतात. पडद्यासमोर बसून ते यंत्राचे हात चालवतात, रोबोट आपल्या मनाने काही करत नाही. छातीचं मधलं हाड न कापता बरगड्यांमधल्या लहान छिद्रांतून काम होतं, म्हणून माणूस लवकर सावरतो. पण हृदय थांबवून रक्त यंत्रावर फिरवावंच लागतं. शस्त्रक्रिया मोठीच, आणि ही पद्धत सगळ्यांना चालत नाही. नेहमीची पद्धत म्हणजे हलकी, असं मुळीच नाही.

“पैशाचं कसं जी?”
२०१२ मध्ये राज्याची जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होतं. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. झडपेची शस्त्रक्रिया तिच्यात आहे. रोबोटचा जादा खर्च बसतो का, हे आरोग्यमित्राला आधी विचारा. त्यापायी शेत गहाण टाकू नका.

“झडप कोणती घ्यावी?”
धातूची खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. प्राण्यांच्या ऊतीची साधारण १० ते १५ वर्षं चालते. मूल हवं असेल तर तसं आधीच सांगा, ही गोळी गर्भाला बाधू शकते. सुनेला लाज वाटली तर सासूने बोलावं.

भामरागड, एटापल्लीच्या बाईला खरी अडचण पुढेच येते. या गोळीचा डोस ठरवायला रक्ताची ‘आयएनआर’ तपासणी नियमित लागते. ती जवळ कुठे होते, हे सुटी होण्याआधीच विचारून ठेवा. पुरात रस्ते बंद होतात, तेव्हा गोळ्या घरात जास्तीच्या असू द्या. तरोटा, पालक खा, पण प्रमाण सारखं ठेवा. पाळीत रक्त फार गेलं तर लगेच दवाखाना गाठा. गोळी मनाने बंद करू नका.

आणि लेकरांचा घसा दुखून मग सांधे सुजले, तर अंगारा-धुपारा नको. संधिवाताचा तो ताप झडपा खराब करतो. डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सांगितलं, तर एकही चुकवू नका.