इंजिन नवं, बाकी गाडी जुनीच?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बांधलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. इंजिन दुचाकीचं, सुरू करायला किक! गाडीच हलकी, म्हणून एवढ्याशा इंजिनावर ती पळायची. जुन्या मोटारीत दणकट इंजिन बसवणाऱ्याला हेच गणित उलटं सोडवावं लागतं.

विहिरीवर तीनऐवजी साडेसात एचपीची मोटर बसवली आणि पाइपलाइन जुनीच ठेवली, तर आधी कमजोर सांधा फुटतो. गाडीतही तेच घडतं. इंजिनाचा पीळ क्लचमधून गिअरबॉक्सकडे, तिथून डिफरन्शियलकडे आणि मग चाकांकडे जातो. जोर वाढला की क्लचप्लेट घसरते, गिअरचे दात तुटू शकतात.

मग उष्णता. पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा चाकांपर्यंत पोचतच नाही, उष्णता होऊन वाया जाते. इंजिन मोठं, तर ही उष्णताही जास्त; पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात जुना रेडिएटर हात टेकतो.

खरी काळजी ब्रेकची. वेग दुप्पट झाला, तर गाडी थांबवताना ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते!

हिंदुस्तान मोटर्सनं १९९० च्या दशकात अ‍ॅम्बॅसडरमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घातलं, तेव्हा सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्सही दिला. कारखान्यालाही नुसत्या इंजिनावर भागवता आलं नाही.

घरच्या अंगणात हे काम करायचं, तर आधी आरटीओची परवानगी हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करण्यावर निर्बंध घालतं आणि बदल मंजूर झाला, तर इंजिनाचा नवा क्रमांक आरसीवर चढवावा लागतो.