दर्जाभेदापलीकडील प्रेम आणि ऐतिहासिक कादंबरी



ऐतिहासिक कादंबरीतील प्रेमकथा हा विषय गंभीर चर्चेस अपात्र आहे, असे मानणारे रसिक थोडे नाहीत. लढाया आणि तह यांच्यामध्ये वाचकाला विसावा मिळावा म्हणून लेखकाने घातलेली ती बाग, अशी तिची संभावना केली जाते. परंतु ती प्रेमकथा दोन असमान दर्जांच्या माणसांची असली, तर त्या काळाच्या समाजरचनेचे खरे रूप तेथेच उघडे पडते. कोणाचे मूल कोणाच्या पंक्तीला बसते, कोणाला 'नाही' म्हणण्याची मुभा आहे, हे तहनाम्यांतून कळत नाही. ते अशा कथांतून कळते.

उदाहरणासाठी बऱ्हाणपूरकरांनी लांब जाण्याचे कारण नाही. तापीच्या पैलतीरी जैनाबाद आहे आणि तेथे आहुखान्याची बाग आहे. १६३१ साली मुमताज महल बऱ्हाणपुरात निवर्तली, तेव्हा तिचा देह प्रथम याच परिसरात ठेवण्यात आला आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो आग्ऱ्यास नेण्यात आला. त्या शोकातून ताजमहाल उभा राहिला. सुमारे बावीस वर्षांनी त्याच बागेत तिच्या मुलाची, दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाची, कहाणी सुरू झाली. तिची नायिका हिराबाई ही गायिका होती. जैनाबादवरूनच तिला 'जैनाबादी' म्हणत.

अठराव्या शतकातील 'मआसिर-उल-उमरा' या ग्रंथात ही हकीकत येते. शाहजाद्याच्या मावशीबरोबर बागेत आलेल्या हिराबाईने त्याच्या उपस्थितीची पर्वा न करता उडी मारून आंबा तोडला आणि शाहजादा भान हरपून बसला. पुढे तिने त्याच्या हाती मद्याचा प्याला देऊन आग्रह धरला; तो ओठांशी नेणार इतक्यात स्वतःच तो पिऊन टाकला आणि आपल्याला केवळ प्रेमाची पारख करावयाची होती असे सांगितले. ती अल्पायुषी ठरली. 'अहकाम-इ-आलमगिरी' या दुसऱ्या ग्रंथात तपशील निराळे आहेत. तेथे हिराबाईच्या मोबदल्यात शाहजाद्याच्या जनानखान्यातील दुसरी एक स्त्री देण्यात आली असे म्हटले आहे. दोन्ही ग्रंथांत आख्यायिकेचा अंश किती, हा प्रश्न इतिहासकारांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यांत दुसरीच गोष्ट दिसते. शाहजाद्याची विव्हलता दोन्ही लेखक रंगवून सांगतात. हिराबाईला काय हवे होते, हे कोणी विचारीत नाही. जिची देवघेव होऊ शकते, तिच्या प्रेमाला संमती म्हणावे काय?

नेमक्या याच ठिकाणी कादंबरीकाराचे काम सुरू होते. मराठीत 'मोचनगड' १८७१ साली अवतरली. तेव्हापासून हरिभाऊ आपटे, नाथमाधव, रणजित देसाई अशी ही परंपरा चालत आली. दर्जाभेदाचा प्रश्न मात्र सर्वांत ठळकपणे मांडला गेला तो ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' या १९७२ च्या कादंबरीत. तिचा विषय बाजीराव आणि मस्तानी. येथे भेद केवळ श्रीमंती-गरिबीचा राहत नाही; धर्म, कुल आणि जात हे तिन्ही त्यात एकवटतात. बाजीराव अखेरच्या मोहिमेवर असताना मस्तानी पुण्यात कैदेत होती. २८ एप्रिल १७४० रोजी आपल्याच निमाडात, नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावाने देह ठेवला. त्याच वर्षी मस्तानीही गेली. पाबळ येथे तिची कबर आहे. त्यांचा पुत्र समशेर बहादूर पेशव्यांच्या घराण्यात वाढला, १७६१ साली पानिपतावर लढला आणि जखमांनी मरण पावला. त्याला घराण्यासाठी प्राण देता आले. घराण्याच्या पंक्तीला मात्र बसता आले नाही.

योगायोग असा, की १७४० याच वर्षी इंग्लंडात सॅम्युअल रिचर्डसन यांची 'पामेला' प्रसिद्ध झाली. घरात कामाला असलेली मुलगी आणि तिचा धनी यांची ती कथा पत्रांतून उलगडते आणि त्यांतील बहुतेक पत्रे त्या मुलीची आहेत. तेथे एका काल्पनिक मोलकरणीच्या हाती लेखणी आली. येथे हाडामांसाच्या मस्तानीविषयी इतरांनी लिहिलेले आपण वाचतो. ती स्वतः बोलताना ऐकू येत नाही.

ही शांतता भरून काढताना लेखकांपुढे दोन सोप्या वाटा असतात. पहिली, नायिकेचे कूळ उंचावण्याची. मस्तानी छत्रसालाची कन्या होती असे परंपरा सांगते आणि ते खरेही असेल. पण ती कलावंतीण असती तर तिचे प्रेम कमी प्रतीचे ठरले असते काय? कुळाचा दाखला मिळाल्यावरच प्रेमाला मान देणारा वाचक अखेर कुळालाच मान देत असतो. दुसरी वाट खलनायक शोधण्याची. चिमाजीअप्पा आणि नानासाहेब यांच्या माथी सारा दोष मारला, की त्यांच्यामागे उभी असलेली रचना सुटून जाते. काशीबाईंचे दुःखही मग अडगळीत पडते. ज्या कादंबरीत खालच्या मानल्या गेलेल्या माणसाला स्वतःची इच्छा, स्वतःचा राग आणि नकाराचा क्षण मिळतो, ती उत्तम, असा निकष मी मानतो. प्याला स्वतः पिऊन टाकणारी हिराबाई त्या निकषाला उतरते. तो प्रसंग घडला असो वा नसो, त्यात तिची इच्छा क्षणभर लखलखून जाते.

कादंबरीला इतिहास समजू नये, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. 'राऊ' वाचून, किंवा तिच्यावर आधारलेला २०१५ चा चित्रपट पाहून, मस्तानीसाठी डोळे पुसणारी माणसे आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्याच घरातील मुलगा अथवा मुलगी जातीबाहेर मन जडवून येते, तेव्हा त्याच डोळ्यांत वेगळा भाव उमटतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रेमाला सहानुभूती देण्यास काही मोल पडत नाही. ऐतिहासिक प्रेमकथेचे खरे वाचन पुस्तक मिटल्यावर, आपल्या उंबरठ्यावर सुरू होते, आणि तेथे आपण बाजीरावाच्या जागी क्वचितच असतो. बहुधा आपण चिमाजीअप्पांच्या जागी उभे असतो.