'पडीक' म्हणविणाऱ्या जमिनीचे मानकरी

वऱ्हाड म्हटले की महाराष्ट्राच्या मनश्चक्षूंपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक काळ्या जमिनीतील पांढऱ्याशुभ्र बोंडांचे. दुसरे मेळघाटच्या सागवानी जंगलाचे आणि त्यातील वाघाचे. कापसाला बाजारपेठ लाभली, वाघाला १९७४ साली व्याघ्रप्रकल्पाचे संरक्षण लाभले. या दोहोंच्या मध्ये पसरलेले तिसरे वऱ्हाड मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. अमरावती, अकोला व वाशिम जिल्ह्यांतील मुरमाड उतारांवरचे ते गवताळ माळरान होय. महसुली दप्तरात त्यातील बरीचशी जमीन 'ई-क्लास' म्हणून नोंदलेली असते आणि बोलीभाषेत तिला सरसकट 'पडीक' म्हटले जाते. या एका शब्दाने जो अनर्थ केला, तो दुष्काळानेही केला नसेल.

कारण ही जमीन पडीक कधीच नव्हती. मृगाच्या सरी कोसळल्या की पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते तरारून वर येतात आणि त्या गवतात तणमोराचा विणीचा हंगाम सुरू होतो. माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी. एरवी तो दृष्टीस पडणे दुर्लभ. पण पावसाळ्यात काळ्या मानेचा, डोक्यामागे तुऱ्यासारखी लांब पिसे मिरविणारा नर गवताच्या वर एकाएकी उसळतो, क्षणभर पंख फडफडवितो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. मादीला साद घालण्यासाठी एक नर दिवसाकाठी पाचशेच्या आसपास अशा उड्या मारतो. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाने अंडी घालते व एकटीच ती उबविते. गवत गेले की आडोसा गेला, आणि आडोशाबरोबर वंशही.

पावसाळा सरताच माळावर दुसरे पाहुणे उतरतात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी हिवाळ्यासाठी भारतात येतात, दिवसभर शेतामाळांवरून खालून घिरट्या घालत नाकतोडे व उंदीर टिपतात आणि रात्री उंच गवतात थव्याने जमिनीवरच विसावतात. शेतकऱ्याचे काम विनामोबदला करणारे हे मजूर. त्यांना रात्रीचा निवारा तेवढा हवा.

हा निवाराच आता आक्रसत चालला आहे. १९९९ साली देशात तणमोरांची संख्या साडेतीन हजारांच्या घरात असल्याचा अंदाज होता. २०१८ सालच्या अहवालानुसार ती सातशेहूनही कमी भरली. २०२१ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने हा पक्षी नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असल्याचे नोंदविले. हे दुखणे एकट्या भारताचे नव्हे. १९७० नंतरच्या अर्धशतकात उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांतील निम्म्याहून अधिक पक्षी नाहीसे झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कारणेही ओळखीचीच आहेत: नांगर आणि कीटकनाशके.

वऱ्हाडात त्यात आणखी एका कारणाची भर पडते, आणि ते म्हणजे झाडे लावण्याचा उत्साह! माळ उघडा दिसला की तेथे खड्डे खणून रोपे लावणे हे पुण्यकर्म समजले जाते. परंतु गवताळ प्रदेश म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. ती निसर्गाची स्वतंत्र रचना आहे. तेथे दाट झाडी उभी करणे म्हणजे तणमोराला घरातून हुसकावून लावणे होय.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. भूमिहीनाला पोटापुरती जमीन मिळत नसताना पक्ष्यांसाठी माळ राखावयाचे काय? प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण माळावर केवळ पक्षी जगत नाहीत. मेंढपाळ, शेळ्या पाळणारी विधवा, बैलजोडीसाठी चारा शोधणारा अल्पभूधारक, या सर्वांचा तो आधार आहे. माळ बळकावला जातो तेव्हा तो क्वचितच या दुबळ्यांच्या वाट्याला येतो.

शिवाय हा माळ ज्यांनी सर्वाधिक जाणला, ते फासेपारधीही दुबळ्यांतलेच. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले; तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, समाजमनातून नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तितर-लाव्यांची शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. पण पर्यायी उपजीविका कुणी दिली नाही. गवताच्या हालचालीवरून पक्षी ओळखणारी त्यांची विद्या मात्र शिल्लक होती. अकोला-वाशिम परिसरात 'संवेदना' या संस्थेने तिचे मोल जाणले. काही फासेपारधी तणमोराचे ठिकाण शोधू लागले, त्याची राखण करू लागले. फासे लावणारे हातच पाखराच्या रक्षणाला पुढे आले!

एवढे मात्र थोडक्या माणसांच्या बळावर निभणारे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्काचा मार्ग खुला केला आहे. जेथे तो लागू होतो तेथे तो वापरला पाहिजे. गावाच्या कुरणाचा एखादा तुकडा आषाढापासून भाद्रपदापर्यंत चराईविना राखावा, गवताचे बी पडल्यावर कापणी करावी आणि राखणदारीचा मान व मेहनताना पारध्यांना द्यावा. त्याने गुरांना चाराही मिळेल आणि पाखराला घरही. पण त्यासाठी आधी सरकारी दप्तरातला आणि आपल्या बोलण्यातला 'पडीक' हा शब्द खोडावा लागेल. शाळेत भूगोल शिकविणाऱ्या गुरुजींपासून सातबारा लिहिणाऱ्या तलाठ्यापर्यंत प्रत्येकाच्या हातात ते खोडरबर आहे.