चर खोदणारे यंत्र आणि आपले टिकाव-फावडे

पाईपलाईनची चारी म्हटली की आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांना फुटावर घेतलेले काम आठवते. मुकादमाने दोरी लावायची, जोडीजोडीला तुकडे वाटून द्यायचे आणि संध्याकाळी टेप टाकून माप घ्यायचे. पण आता हीच चारी दुसऱ्या कारणानेही आपल्या दारात आली आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमिनीची तरतूद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना विहीर, पंप आणि पाईप यांसाठी अनुदान मिळते. जमीन आली, विहीरही झाली, तरी पाणी शेताच्या त्या टोकाला न्यायचे तर चर हवाच! म्हणून ट्रॅक्टरला जोडायचे चर खोदण्याचे यंत्र गावात आले की एका घरचे पैसे वाचतात आणि शेजारच्या घरची मजुरी जाते. कधी कधी ही दोन्ही घरे एकच असतात.

हे यंत्र आहे तरी कसे? लाकूड कापण्याच्या साखळी करवतीची कल्पना करा. तशीच, पण पुष्कळ मोठी आणि दातेरी साखळी ट्रॅक्टरच्या मागे लांब दांड्यावर फिरते. ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यातून, ज्याला ड्रायव्हर मंडळी पीटीओ म्हणतात, तिला जोर मिळतो. साखळी जमिनीत उतरते, माती उकरून वर आणते आणि चरीच्या कडेला टाकते. मात्र ट्रॅक्टर गोगलगायीसारखा सरकला पाहिजे. साध्या पहिल्या गिअरमध्येही तो फार जोरात पळतो, म्हणून क्रीपर गिअर असलेला ट्रॅक्टर लागतो. असे छोटे साखळी-यंत्र अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील पेरी गावच्या एड माल्झान यांनी १९४९ साली बाजारात आणले. टिकाव-फावड्याने नळाचे चर खोदणारी माणसे पाहून त्यांना ते सुचले होते.

फरक किती पडतो, याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. विहिरीपासून ३०० मीटर लाईन, खोली ९० सेंटिमीटर. माणसाला वाकून खोदायचे तर चर निदान ४५ सेंटिमीटर रुंद हवा. म्हणजे १२० घनमीटरांच्या वर माती, वजनाने जवळजवळ दोनशे टन! यंत्राचा चर १५ सेंटिमीटर रुंद असला तर तेच काम ४० घनमीटरांत होते. जेसीबीचा चर याहून बराच रुंद पडतो, माती विस्कटते आणि खालची मुरमाड माती वर येऊन पिकाची जागा खराब होते. म्हणून नुसत्या पाईपलाईनसाठी जेसीबी लावणे आम्हाला तरी पटत नाही. जेथे मोठे दगड आहेत, तेथे मात्र साखळीचे दाते तुटतात आणि जेसीबीला किंवा पहारीला पर्याय राहत नाही.

दुसरा प्रकार नांगरासारखा आहे. त्यात चर पडतच नाही. उभे पाते जमीन चिरत जाते आणि पात्याच्या मागील नळीतून पाईप किंवा केबल थेट खाली सुटत जाते. ही कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडचे जॉन फाउलर १८४९ साली दुष्काळाने होरपळलेल्या आयर्लंडमध्ये गेले होते. तेथील पाणथळ जमिनीचा निचरा स्वस्तात कसा होईल, या विचाराने त्यांनी १८५० साली निचऱ्याचा नांगर दाखवला. त्यात पाईपचे तुकडे मण्यांसारखे दोरीत ओवून जमिनीखालून ओढून घेत. आपल्याकडे हे पाते ठिबकच्या नळ्या, वेटोळ्यात येणारा काळा एचडीपीई पाईप आणि केबल यांना चालते. सहा मीटरच्या ताठ पीव्हीसी पाईपला ते उपयोगाचे नाही.

आता मुख्य गोष्ट. यंत्र फक्त खोदते. पाईप टिकतो की फुटतो, हे नंतरच्या हातकामावर ठरते, आणि नेमके तेच काम घाईत उरकले जाते. चरीच्या तळाला टोकदार दगड राहता कामा नये. पाईपभोवती आणि वर वीतभर चाळल्यासारखी मऊ माती हवी, ढेकळे आणि दगड त्यानंतर. सोल्युशन लावलेला जोड एक दिवस वाळू द्यावा. तोवर पाईपच्या मधल्या भागावर माती टाकावी, जोड उघडे ठेवावेत, मग पंप सुरू करून गळती पाहावी आणि नंतरच चर बुजवावा. जेथे लाईन वळते तेथे पाण्याचा धक्का बसतो, म्हणून एल्बोच्या पाठीमागे सिमेंट काँक्रीटचा ठोकळा द्यावा. काळ्या जमिनीत ही काळजी दुप्पट, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि जोडाला पीळ देते. काळी माती ओली असताना साखळीला चिकटते व सुकल्यावर दगडासारखी होते, तेव्हा थोडी ओल असतानाच यंत्र बोलवावे.

पंपाची केबल त्याच चरीत टाकण्याचा मोह सर्वांनाच होतो. केबल निदान ७५ सेंटिमीटर खोल, पाईपपासून अंतर ठेवून, वाळूच्या थरात आणि वर विटा झाकून असावी. केबलचा जोड मातीत पुरू नये. ओल्या शेतात अनवाणी पाणी देणाऱ्या बाईच्या जिवाचा हा प्रश्न आहे. तसेच खोदण्याआधी खाली कोणाची वीज, गॅस किंवा फोनची लाईन आहे का, याची चौकशी व्हावी. त्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे मोबाईल ॲप सुरू केले आहे.

यंत्राजवळ लहान मुलांना उभे करू नका. पीटीओचा दांडा मिनिटाला साधारण ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, धोतराचा सोगा किंवा ओढणी त्यात अडकली तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावर प्लॅस्टिकचे आवरण नसेल तर ड्रायव्हरला सरळ सांगावे, “भाऊ, आधी कव्हर लाव, मग चालू कर.”

आता मजुरी करणाऱ्यांविषयी. ऑप्टिकल फायबर केबलसाठी सरकारी कामात १६५ सेंटिमीटर खोलीचा चर सांगितलेला असतो. त्यात वाकून उभा राहिलेला माणूस वरून दिसतही नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. ती कोसळताना आधी आवाज देत नाही, आणि छातीपर्यंत दाबलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. एवढ्या खोल चरीला फळ्यांचा आधार द्यायलाच हवा आणि काढलेली माती काठापासून दूर टाकायला हवी. पाऊस पडून गेल्यावर आधाराशिवाय त्यात उतरायचे नाही, मुकादम कितीही घाई करो.

यंत्र आल्यावर ठेकेदार म्हणतो, आता खोदाई नाही, फक्त माती ओढायची आहे, तेव्हा दर कमी. पण वर सांगितलेले जोडकाम, तळ साफ करणे, चाळून माती देणे, खडक लागला तर पहारीने फोडणे, हे सर्व ‘माती ओढणे’ नव्हे. आमच्या मते खडकाचा दर, जोडाचा दर आणि बुजवणीचा दर वेगवेगळा ठरवून घ्यावा, यंत्र बंद पडून दिवस वाया गेला तर त्याचे काय, हेही आधी बोलावे. टेप आपल्यातल्याच कोणा लिहिता-वाचता येणाऱ्याच्या हातात असावा. घरातली शाळकरी मुलगी वहीत मापे लिहून ठेवू शकते.

१९९६ साली झालेल्या बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येत सिंचन, वीजवाहिन्या, टेलिफोन आणि पाईपलाईन ही कामेही होती आणि नव्या संहितेतही ती राहिली आहेत. म्हणजे चर खोदणारा माणूसही, असे काम करत असेल तर, बांधकाम कामगारच. वय १८ ते ६० आणि मागील वर्षात ९० दिवस काम, एवढ्यावर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. त्यासाठी काम केल्याचा दाखला लागतो. केबल पुरून झाली की ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात निघून जातो, म्हणून दाखला शेवटच्या हप्त्याच्या मजुरीबरोबरच मागून घ्यावा.