पांढरी रेघ

काळ्या गाडीला स्वतःच्या हाताने पॉलिश लावायची हौस मला एकदाच आली, आणि तीही खंडेनवमीच्या भर दुपारी. नेरुळच्या आमच्या सोसायटीत सावलीची जागा मिळणं नशिबाचा भाग, त्यामुळे गाडी उन्हातच उभी. बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता. तरी डब्यातलं पॉलिश चांगलं बोटभर घेतलं, गोल गोल फिरवलं, वाळू दिलं, पुसलं. संध्याकाळी झेंडूचा हार घालायला खाली उतरलो, तर बॉनेटवर धुरकट ढग, एमएच-४३ च्या पाटीभोवती पांढरी रेघ आणि दारांखालच्या काळ्या प्लॅस्टिक पट्टीवर जणू चुन्याचा हात. पाण्याने जाईना, शाम्पूने जाईना. जोर करून घासलं तेव्हा ढग होता तिथेच राहिला, वर बारीक चरे मात्र पडले.

दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून एक दिवस थांबलो आणि मग तुर्भ्याची वाट धरली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांच्या मधल्या गल्ल्यांत डेंटिंग-पेंटिंगचे गाळे आहेत. हल्ली त्यांतल्या काहींवर ‘डिटेलिंग स्टुडिओ’ अशी पाटी असते. आत एसी आणि छताला मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी दिवे. मी गेलो तो गाळा जुन्या चालीचा. एका बाजूला पेंटर, दुसऱ्या बाजूला पॉलिश, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. पॉलिशचं काम बघणारा तिशीतला, मूळचा साताऱ्याकडचा, वडील एपीएमसीत माथाडी. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मोबाइलची बॅटरी तिरकी धरून पत्रा पाहिला आणि म्हणाला, “काका, पॉलिश चांगलं आहे. लावणाऱ्याने घाई केली.”

लावणारा कोण, ते मी सांगितलं नाही.

पॉलिशमध्ये असतं काय, तर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाची पिठाहून बारीक पूड, थोडं तेल, थोडं पाणी, उडून जाणारं द्रावण, आणि वर चमक टिकावी म्हणून मेण किंवा सिलिकॉन. नावाजलेलं मेण म्हणजे कार्नोबा. ब्राझीलमधल्या एका ताडाची पानं वाळवून, झोडपून ते काढतात आणि ते वितळायला ८० अंशांहून जास्त उष्णता लागते. द्रावणाचं काम एवढंच, की पुसून होईपर्यंत हे सगळं निसरडं ठेवायचं. उन्हात तापलेल्या काळ्या पत्र्यावर द्रावण बघता बघता उडून जातं. मागे राहतं ते मेण आणि पूड, एकमेकांना धरून बसलेली. त्यात माल जास्त घेतलेला असला की विचारूच नका. एका दाराला रुपयाच्या नाण्याएवढं पुरतं, मी त्याच्या चौपट चोपडलं होतं.

मग घासून का काढायचं नाही? कारण घासायला तिथे फारसं काही नसतंच. आजच्या गाडीवर खाली प्रायमरचे थर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, आणि त्यात क्लिअर कोट ४०-५०. माणसाचा केसच ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी झळाळी केसाहून पातळ पापुद्र्यात आहे, आणि प्रत्येक घासणं त्यातलं थोडं खातं.

जुन्या उस्तादांचा हात जड असायचा, त्यालाही कारण होतं. ड्यूपॉन्ट कंपनीचा ‘ड्युको’ हा रंग १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींवर आला. आपल्या गॅरेजांत गाडीच्या कुठल्याही रंगाला अजून ‘ड्युको’च म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीवर वेगळा क्लिअर कोट नव्हता, वरपासून रंगच. पॉलिश करताना फडकं काळं-पिवळं व्हायचं आणि त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. रबिंग कंपाउंड घ्या, दाबून फिरवा, वरून रॉकेलचं फडकं मारा. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. ती सवय मात्र सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये टिकून आहे.

माझ्या या कारागिराने पहिलं काम काय केलं असेल? गाडी सावलीत घेतली आणि पत्रा गार होऊ दिला. मग विचारलं, “तो डबा आणलाय का?” आणि माझंच पॉलिश पुन्हा त्याच डागावर लावलं. काट्याने काटा काढतात तसं. ताज्या पॉलिशमधलं द्रावण जुनं वाळलेलं मेण सैल करतं. मात्र घडीच्या वर्तमानपत्राएवढाच भाग एका वेळी घ्यायचा आणि वाळायच्या आत पुसायचा. हातातलं मायक्रोफायबरचं फडकं दोनदा दुमडलेलं, म्हणजे दोन्ही बाजू धरून आठ पानं. एक पान मळलं की दुसरं. मळलेलं पान पुन्हा पत्र्याला लागत नाही. उचलायचं फडकं वेगळं, शेवटचा हात फिरवायचं वेगळं. मध्येच एक फडकं खाली पडलं, तर त्याने ते न झटकता टायरच्या बादलीत टाकलं. पारसिकच्या डोंगराची खडी शहरभर बांधकामांत गेलेली, तिची धूळ फरशीवर असतेच. तिचा एक कण फडक्यात आला की चकचकीत दारावर केसासारखी रेघ उठते.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून फवारलं आणि हलक्या हाताने पुसलं. त्याने राहिलेलं तेल निघतं आणि खालचं खरं अंग दिसतं. माझ्या बाबतीत खालचे चरेही दिसले. शेवटी बॉनेटच्या कडेला चार-पाच पांढरे ठिपके उरले. मला वाटलं, हेही पॉलिशच. त्याने मान हलवली. “हे बोअरच्या पाण्याचे आहेत. अल्कोहोलला हलत नाहीत ना? म्हणजे क्षार.” पाणी घातलेला व्हिनेगर कापडावर घेऊन क्षणभर टेकवला आणि लगेच धुऊन टाकला. पाच वर्षं मी त्या ठिपक्यांना रंगाचा दोष समजत होतो.

खरी कटकट प्लॅस्टिकची. ती पट्टी खरबरीत असते आणि तिच्या खड्ड्याखड्ड्यांत मेण बसतं. त्यासाठी हेअर ड्रायरची कोमट हवा, लहान मुलांचा मऊ टूथब्रश आणि शाळेतलं पांढरं खोडरबर. पीनट बटरही चालतं म्हणतात, त्यातलं तेल मेणाला सैल करतं. “चालतं, पण मग मुंग्या येतात,” तो म्हणाला. नंबरप्लेटची रेघ त्याने टूथपिकला फडक्याचं टोक गुंडाळून काढली. त्या एका रेघेला दहा मिनिटं गेली. थिनर लावलं तर पटकन नाही का जाणार, असं विचारल्यावर त्याने बंपरकडे बोट दाखवलं. भट्टीत पक्का झालेला कारखान्याचा रंग थिनर थोडा वेळ सोसेलही. बाहेर टच-अप केलेला रंग मऊ पडून फडक्यावर येतो.

पडद्यापलीकडच्या पेंटरचं म्हणणं आणखी कडक. त्याच्या बाजूला सिलिकॉनचं पॉलिश न्यायचंच नाही. पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर नवा रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश-आयच म्हणतात. मग पुन्हा घासा, पुन्हा मारा.

सध्या जो तो सिरॅमिक कोटिंगच्या मागे आहे. वाईट नाही, पण वाळलेल्या पॉलिशहून ते अधिक निष्ठुर. वेळेत सारखं पुसलं नाही तर तेलकट डाग काही तासांत टणक होतो आणि मग यंत्र लावून तो थरच उतरवावा लागतो. महागड्या बाटलीपेक्षा पुसणाऱ्याचा हात मला जास्त मोलाचा वाटतो, आणि दरपत्रकात त्या हाताचा उल्लेख कुठे नसतो.

माझ्या गाडीला साडेतीन तास लागले. त्यात नवीन पॉलिश लावण्याची जेमतेम वीस मिनिटं. बाकी सगळा वेळ काढण्यात गेला. या खंडेनवमीला तुम्ही गाडीला पॉलिश लावणार असाल, तर ऊन उतरू द्या, पत्रा हाताला गार लागतोय का बघा, आणि एका वेळी एकच दार घ्या.