मुंबईचा रेडिओ आणि आपल्या दोन भाषा

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तीन बोली नांदतात. चुलीजवळ दखनी, मक्तबमध्ये उर्दू आणि बाजारात मराठी. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, उर्दू की मराठी, हा प्रश्न दर जूनमध्ये घरोघरी निघतो. एक भाषा धरली की दुसरी सुटणार, अशी धास्ती आईबापांना वाटते. पण आपल्याच वडीलधाऱ्या मंडळींनी दोन्ही भाषा सांभाळल्या होत्या आणि त्यातले कितीतरी जण शाळेत चार इयत्तासुद्धा शिकलेले नव्हते. मग ते शिकले कुठे? काष्टीसारख्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा. पुष्कळांच्या उत्तरात एक नाव हमखास येते, ते म्हणजे रेडिओ.

मुंबई बोलू लागली

23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. देशातले नियमित प्रसारणाचे हे पहिले केंद्र, महिनाभराने कलकत्त्याचे आले. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॉटचा, म्हणजे आवाज शहर आणि आसपासच्या मुलखापुरताच. रेडिओ संच महाग, परवाने थोडे, त्यामुळे ही खासगी कंपनी 1930 मध्ये बुडाली आणि सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले. 1936 मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे रूढ झाले.

रेडिओ ठेवायला तेव्हा परवाना लागत असे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर नोंद करून घ्यायची. 1980 च्या दशकात ही पद्धत संपली. जुन्या पेटीत जमिनीच्या कागदांसोबत जपून ठेवलेली ती पुस्तिका आजही एखाद्या घरात सापडते.

रात्री मुंबई जवळ यायची

मुंबई ‘अ’, मुंबई ‘ब’ आणि विविध भारती ही सारी केंद्रे मध्यम लहरीवर, म्हणजे ज्याला एएम म्हणतात त्यावर चालत. मुंबई ‘ब’ 558 किलोहर्ट्‌झवर लागे, पुणे 792 वर. काष्टीपासून पुणे जवळ, म्हणून ते दिवसाही स्वच्छ ऐकू येई. मुंबई सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर. दिवसा तिचा आवाज क्षीण असे आणि मगरिबनंतर तो वाढत जाई.

मुलांना हे कोडे घालून पाहावे, त्यांना आवडते. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या अंगाने जातात. ज्या लहरी वर जातात, त्या सुमारे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरच्या एका विद्युतभारित थरात शोषल्या जातात. हा थर सूर्यप्रकाशामुळे तयार होतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरांवर आदळून परत खाली येतात, शेकडो किलोमीटर दूर. म्हणून रात्री दूरची केंद्रेही लागत आणि कधी दोन केंद्रे एकमेकांत मिसळत.

रेडिओ आडवा-तिडवा फिरवला की आवाज कमी-जास्त होई, त्यालाही कारण होते. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी असते, तीच त्याची एरियल. केंद्राच्या दिशेला ती आडवी असली की आवाज सगळ्यात चांगला येतो. कारण माहीत नसतानाही घरातल्या बायका रेडिओ नेमक्या कोनात फळीवर ठेवत आणि कुणी तो हलवला तर रागावत. पाऊस येण्याआधी वीज चमकली की रेडिओ करकर करी, कारण एएममध्ये लहरीच्या उंचीवरच आवाज स्वार झालेला असतो आणि वीज त्याच उंचीत ढवळाढवळ करते.

मराठी कशी आली

मुंबई ‘ब’वर कामगार सभा, वनिता मंडळ, गंमत जंमत, आपली आवड असे कार्यक्रम लागत. ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी महाराष्ट्राच्या घरोघरी शेजारी असल्यासारखे ओळखीचे झाले. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले आणि 1955 मध्ये त्याने गदिमा-सुधीर फडक्यांचे गीतरामायण आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर ऐकवले. शिवाय प्रादेशिक बातम्या, हवामान, शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव. शनिवारच्या जनावरांच्या बाजारात खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवून फिरणारे शेतकरी आमच्या भागातल्या वयस्कर मंडळींना चांगले आठवतात.

ज्या आया-दाद्या घराबाहेर फारशा पडत नव्हत्या, त्यांना शिष्ट मराठी पहिल्यांदा भेटली ती अशी, भाकऱ्या थापता थापता. दवाखान्यात डॉक्टरशी, कचेरीत कारकुनाशी काय आणि कसे बोलावे, हे कानावर आधीच पडलेले असे. ‘लसीकरण’ किंवा ‘अनुदान’ असे शब्द त्यांनी वाचले नव्हते, ऐकले होते.

आणि उर्दू?

रेडिओवर कोणती भाषा बोलावी, यावर या देशात मोठे वाद झाले. 1940 च्या दशकात ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक होते अहमद शाह बुखारी, म्हणजे उर्दू वाचकांचे लाडके ‘पतरस’. त्यांचे धाकटे भाऊ झुल्फिकार अली बुखारी मुंबई केंद्राचे संचालक होते. बीबीसी म्हणजे ‘बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन’ अशी थट्टा तेव्हा होई. हिंदुस्तानीच्या नावाखाली उर्दूच बोलली जाते, अशी एका बाजूची तक्रार होती. स्वातंत्र्यानंतर काटा दुसऱ्या बाजूला झुकला आणि बातम्यांची हिंदी इतकी संस्कृतप्रचुर झाली की सामान्य माणसाला ती अवघड जाऊ लागली. 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांनाही जवळजवळ दार बंद केले. श्रोते मग लघुलहरीवरच्या रेडिओ सिलोनकडे वळले.

इथे मुंबईच्या एका मुस्लिम घराची गोष्ट येते. कुलसुम सयानी प्रौढशिक्षणाचे काम करीत. नव्याने अक्षर ओळखू लागलेल्यांसाठी त्यांनी 1940 मध्ये गांधीजींच्या प्रोत्साहनाने ‘रहबर’ हे पाक्षिक काढले. मजकूर सोप्या हिंदुस्तानीत आणि छपाई तीन लिप्यांत, नागरी, उर्दू आणि गुजराती. त्यांचा धाकटा मुलगा या कामात हाताशी असे. मोठा मुलगा हमीद त्याला मुंबई केंद्रात घेऊन गेला. सुरुवातीला तो इंग्रजीत बोलायचा. पुढे हिंदुस्तानीत आला तेव्हा ‘रहबर’ची भाषा सोबत घेऊन आला. हा मुलगा म्हणजे अमीन सयानी.

डिसेंबर 1952 मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत होई, टेप कोलंबोला जाई आणि दर बुधवारी रात्री आठला तो आवाज परत आपल्याकडे येई. ‘बहनो और भाइयो’ म्हणताना त्यांनी बहिणींना आधी ठेवले. त्यांच्या बोलण्यात ना जड फारसी होती, ना जड संस्कृत. तरी उच्चार असे की ‘ख’ आणि ‘ख़’मधला फरक कानाला कळावा. आईने शाळा नसलेल्यांसाठी घडवलेली भाषा मुलाने सगळ्या उपखंडात पोहोचवली. 20 फेब्रुवारी 2024 रोजी त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा ती भाषाही थोडी पोरकी झाली.

श्रोते गेले हे सरकारलाही उमगले. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे तिच्यावर जाहिराती आल्या. हवामहल, जयमाला, छायागीत यांची हिंदी मऊ होती. 1965 पासून दिल्लीची उर्दू सर्व्हिस आली. ती खरे तर सीमेपलीकडच्या श्रोत्यांसाठी, पण रात्रीच्या लहरींना सीमा कुठली? ती आपल्याकडेही आवडीने ऐकली जाई.

आणि रमजानची एकोणतिसावी संध्याकाळ! ढग असले की साऱ्या मोहल्ल्याचे कान रेडिओकडे. चांदची ही बातमी नुसती ‘खबर’ मानायची की तिला ‘शहादत’चा दर्जा द्यायचा, यावर उलमांमध्ये गंभीर चर्चा झाल्या. हिलाल कमिटीच्या वतीने रीतसर झालेले ऐलान पुष्कळांनी ग्राह्य धरले. बारीक आवाजातून नेमका शब्द पकडण्याची सवय या प्रतीक्षेने लावली, हेही खरे.

कान तयार करू या

मध्यम लहरीचे अनेक प्रक्षेपक आता बंद झाले आहेत. आवाज मोबाइलवर आला आहे आणि आकाशवाणीची मराठी-उर्दू प्रसारणे तिथे मिळतात. म्हणजे आवाज गेलेला नाही, एकत्र बसून ऐकणे गेले आहे. प्रत्येकाच्या कानात वेगळी तार आहे.

शाळेत आम्ही मराठीच्या तासाला श्रुतलेखन घेतो आणि उर्दूच्या तासाला इमला. दोन्ही एकच गोष्ट आहे, आधी ऐका, मग लिहा. ज्या मुलाच्या घरी मोठ्याने वाचले-बोलले जाते, त्याची वही लगेच ओळखू येते, मग घरात पुस्तके असोत वा नसोत.

म्हणून सुचवावेसे वाटते. इशानंतर अर्धा तास मोबाइल मध्ये ठेवून सगळ्यांनी मिळून ऐकावे, एक दिवस मराठी बातम्या किंवा श्रुतिका, एक दिवस उर्दू. अवघड शब्द आला की दादा-दादींना विचारावा. त्यांचे बोलणे त्याच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. शाळा एक निवडावी लागेल, पण भाषा एकच निवडण्याची सक्ती आपल्यावर कुणी केलेली नाही. आपल्या दाद्यांनी भाकऱ्या थापता थापता दोन्ही सांभाळल्या होत्या. इन्शाअल्लाह, आपली मुलेही सांभाळतील.